अमेरिकेतले पहिले राजकीय पक्ष कुठे गेले?

१५ फेब्रुवारी १७९८ची सकाळ. अमेरिकेची राजधानी तेव्हा फिलाडेल्फियाला होती. प्रतिनिधिगृहात व्हरमाँटचे सदस्य मॅथ्यू लायन आपल्या जागी बसले होते. कनेक्टिकटचे रॉजर ग्रिसवोल्ड उठले, तडक त्यांच्यापाशी गेले आणि हातातल्या जाड काठीने त्यांना झोडपायला लागले. लायन कसेबसे बाकामागून सुटले, शेकोटीकडे धावले आणि निखारे धरायचा लोखंडी चिमटा उचलून उलटून आले. दोघं जमिनीवर लोळले, तेव्हा बाकीच्यांनी त्यांना ओढून वेगळं केलं.

भांडण दोन आठवड्यांपूर्वीचं होतं. ग्रिसवोल्डनी लायनच्या जुन्या लष्करी नोकरीवरून टोमणा मारला होता आणि लायन त्यांच्या तोंडावर थुंकले होते. लायनना सभागृहातून काढून टाकायचा ठराव आला. बाजूने ५२ मतं पडली, विरोधात ४४. दोन तृतीयांश मतं हवी होती, त्यामुळे लायन वाचले. ही ५२ आणि ४४ची विभागणी थुंकण्याच्या गुन्ह्यावर झालीच नव्हती. तेव्हाच्या दोन पक्षांपैकी ग्रिसवोल्ड फेडरलिस्ट, लायन रिपब्लिकन, आणि बहुतेकांनी आपापल्या बाजूचा माणूस पाहून मत दिलं होतं.

राज्यघटना लिहून तेव्हा जेमतेम अकरा वर्षं झाली होती. त्या घटनेत 'पक्ष' हा शब्द कुठेही नाही, आणि तो विसरलेला नाही. ती लिहिणाऱ्यांना पक्ष नकोच होते. त्या काळी पार्टी म्हटलं की कंपू, स्वार्थासाठी जमलेलं टोळकं, असाच अर्थ डोक्यात यायचा. जेम्स मॅडिसननी १७८७ साली गटबाजी हा लोकशाही सरकारांचा जुना रोग म्हणून त्यावर सविस्तर लिहिलं. थॉमस जेफरसननी १७८९ साली एका मित्राला पत्रात कळवलं की स्वर्गात जायला पक्षाची सोबत लागणार असेल तर मी स्वर्गातच जाणार नाही. पुढच्या तीन-चार वर्षांत याच दोघांनी देशातला पहिला विरोधी पक्ष उभा केला.

हे ढोंग होतं असं मला वाटत नाही. त्यांना पक्ष खरोखरच नको होता. पण भांडणच असं निघालं की एकेकट्याने ते लढता येईना.

सैनिकाच्या हातातला कागद

भांडण पैशाचं होतं. इंग्लंडविरुद्धच्या युद्धात सैनिकांना द्यायला सरकारकडे रोकड नव्हती, म्हणून कर्जरोखे दिले गेले. युद्ध संपलं, सैनिक शेतावर परतला. घरात पैसा नाही, आणि त्या कागदाचे पैसे कधी मिळतील याचा पत्ता नाही. मग जो कोणी व्यापारी दारात आला त्याला त्याने तो कागद दर्शनी किमतीच्या लहानशा भागाला विकून टाकला.

१७९० साली पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढे, योजना मांडली. मध्यवर्ती सरकारवर सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर कर्ज होतं, राज्यांवर आणखी अंदाजे अडीच कोटी. हॅमिल्टन म्हणाले, सगळं कर्ज मध्यवर्ती सरकारने अंगावर घ्यावं आणि आज ज्याच्या हातात रोखा आहे त्याला पूर्ण रक्कम द्यावी. त्यांचा हिशोब सरळ होता. सरकारचा शब्द बाजारात खरा ठरला पाहिजे, आणि ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांचं हित या नव्या सरकारशी बांधलं गेलं पाहिजे. मॅडिसन सभागृहात उठून म्हणाले, मग त्या सैनिकाचं काय? त्यालाही वाटा द्या. मूळचे धारक आता शोधायचे कसे, हा प्रश्न पुढे आला आणि त्यांची सूचना पडली.

राज्यांच्या कर्जावर घोडं अडलं. व्हर्जिनियाने आपलं बरंचसं कर्ज फेडलं होतं, मग मॅसॅच्युसेट्सचं कर्ज आपण का भरायचं, असं दक्षिणेकडच्यांचं म्हणणं. शेवटी न्यूयॉर्कला जेफरसनच्या घरी जून १७९० मध्ये हॅमिल्टन आणि मॅडिसन जेवायला बसले आणि तिथे देवाणघेवाण ठरली. व्हर्जिनियाच्या लोकांनी कर्जाचा विरोध सैल करायचा, आणि त्याबदल्यात देशाची कायमची राजधानी दक्षिणेजवळ, पोटोमॅक नदीकाठी करायची. आजचं वॉशिंग्टन शहर जिथे आहे तिथे असण्यामागे ही जेवणाची पंगत आहे.

तडजोड झाली, पण मनं जुळली नाहीत. १७९१ साली हॅमिल्टननी वीस वर्षांच्या सनदेची राष्ट्रीय बँक काढली, आणि घटनेत बँकेचं नाव नसताना सरकारला ती काढता येते का यावर मंत्रिमंडळातच दोन तट पडले. हॅमिल्टनना बंदरं, कारखाने, बँका आणि मजबूत केंद्र असलेला देश हवा होता. जेफरसनना स्वतःच्या जमिनीवर उभा असलेला, कुणाचा मिंधा नसलेला शेतकरी हा देशाचा कणा वाटत होता. मात्र जेफरसन आणि मॅडिसन दोघांच्याही जमिनी गुलाम कसत होते. स्वावलंबी शेतकऱ्याचं हे चित्र वाचताना ही गोष्ट नजरेआड करून चालत नाही, कारण पुढच्या सत्तर वर्षांतले पक्ष याच गोष्टीवर बुडाले.

भांडण लोकांपर्यंत न्यायला वर्तमानपत्र हवं. सरकारची बाजू मांडणारं एक होतंच. जेफरसननी, स्वतः परराष्ट्रमंत्री असताना, फिलिप फ्रेनो या कवीला आपल्या खात्यात वर्षाला २५० डॉलरवर भाषांतरकाराची नोकरी दिली, आणि ऑक्टोबर १७९१ मध्ये फ्रेनोने 'नॅशनल गॅझेट' काढून हॅमिल्टनवर तोफ डागली. मंत्री सरकारात, आणि त्याच्या खात्यातला कारकून सरकारविरोधी पत्राचा संपादक! पुढे फ्रान्समधली क्रांती आणखी भडकली, इंग्लंड-फ्रान्स युद्ध पेटलं, आणि जॉन जे यांनी इंग्लंडशी केलेल्या तहावरून १७९५ साली गावोगाव लोक रस्त्यावर आले. आता बाजू घेणं हे काँग्रेसपुरतं उरलं नव्हतं. हॅमिल्टनच्या बाजूचे फेडरलिस्ट, जेफरसनच्या बाजूचे रिपब्लिकन. (आजच्या रिपब्लिकन पक्षाशी यांचा संबंध नाही. घोटाळा नको म्हणून इतिहासकार त्यांना डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन म्हणतात.) सप्टेंबर १७९६ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी निरोपाच्या निवेदनात पक्षीय वृत्तीच्या घातकपणाबद्दल कळकळीने इशारा दिला. तोपर्यंत उशीर झाला होता, आणि त्यांचं स्वतःचं सरकारही एका बाजूला झुकलेलं होतं.

विरोधक म्हणजे राजद्रोही?

त्या वर्षी निवडणुकीत फेडरलिस्ट जॉन ॲडम्सना ७१ मतं मिळाली आणि जेफरसनना ६८. ही मतं निर्वाचकांची, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी राज्याराज्यांनी नेमलेल्या माणसांची. घटनेनुसार प्रत्येक निर्वाचकाने दोन मतं द्यायची, पहिला येईल तो राष्ट्राध्यक्ष, दुसरा येईल तो उपराष्ट्राध्यक्ष. पक्षच नसतील असं धरून हा नियम केलेला. त्यामुळे राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि उपराष्ट्राध्यक्ष त्याच्या विरोधकांचा पुढारी, अशी जोडी चार वर्षं एकत्र नांदली.

विरोध करणं म्हणजे देशद्रोह नव्हे, ही कल्पना तेव्हा कुणाच्याच अंगवळणी पडली नव्हती. १७९८ साली फेडरलिस्टांनी राजद्रोहाचा कायदा केला. सरकार किंवा राष्ट्राध्यक्ष यांच्याबद्दल खोटं, बदनामीकारक छापलं तर तुरुंग. पहिल्या शिक्षांमधली एक कुणाला झाली? मॅथ्यू लायनना. चार महिने कैद आणि १००० डॉलर दंड. आयर्लंडहून वेठीचा नोकर म्हणून आलेला हा माणूस तुरुंगात बसून निवडणुकीला उभा राहिला आणि निवडून आला.

१८००च्या निवडणुकीत रिपब्लिकन जिंकले, पण जुन्या नियमाने फास बसला. त्यांच्या सगळ्या निर्वाचकांनी शिस्तीत दोन्ही मतं दिली, एक जेफरसनना आणि एक उपराष्ट्राध्यक्षपदासाठी ठरवलेल्या आरन बर यांना. दोघांना ७३-७३. आता निकाल प्रतिनिधिगृहात लागणार, तिथे दर राज्याला एक मत, आणि सोळा राज्यांपैकी नऊ हवीत. बाहेर बर्फ, आत वॉशिंग्टनचं अर्धवट बांधलेलं संसदभवन, कॅपिटॉल. मेरिलँडचे जोसेफ निकलसन तापाने फणफणलेले, त्यांना अंथरुणासकट उचलून आणलं होतं, कारण त्यांचं मत गेलं असतं तर मेरिलँड बरकडे गेलं असतं. सहा दिवसांत ३५ फेऱ्या झाल्या. जेफरसन आठवर अडलेले. १७ फेब्रुवारी १८०१ला छत्तिसाव्या फेरीत व्हरमाँटचा फेडरलिस्ट सदस्य बाहेर राहिला. त्या राज्यातून उरला एकच सदस्य, तो म्हणजे लायन. त्यांच्या एका मताने व्हरमाँट जेफरसनकडे गेलं. मेरिलँडच्या फेडरलिस्टांनी कोऱ्या चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा तेही आलं, आणि जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाले.

या इतिहासातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट इथे घडली. ज्यांनी विरोधकांना तुरुंगात टाकलं होतं त्यांनी निवडणूक हरल्यावर सत्ता सोडली. ॲडम्स ४ मार्चच्या पहाटे बग्गीत बसून निघून गेले, शपथविधीला थांबले नाहीत, मन कडू होतं, पण गेले. जेफरसन शपथविधीच्या भाषणात म्हणाले, आपण सगळेच रिपब्लिकन आहोत, आपण सगळेच फेडरलिस्ट आहोत. १८०४ साली बारावी घटनादुरुस्ती होऊन राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांची मतं वेगळी झाली. पक्षांचं नाव न घेता घटनेने पक्षांसाठी जागा करून दिली.

फेडरलिस्ट का संपले?

निवडणूक हरल्याने पक्ष मरत नाही. फेडरलिस्टांचं दुखणं वेगळं होतं. चांगल्या घरातल्या, शिकलेल्या लोकांनी राज्य करावं आणि बाकीच्यांनी त्यांना मान द्यावा, हा त्यांचा पिंड. मतं मागत दारोदार फिरणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. पुढच्या पिढीतल्या तरुण फेडरलिस्टांनी सभा घेतल्या, समित्या बांधल्या, पण तोवर रिपब्लिकन खेडोपाडी पोचले होते. १२ जुलै १८०४ला हॅमिल्टन बरशी झालेल्या द्वंद्वयुद्धातल्या गोळीने वारले आणि पक्षाचा सगळ्यात मोठा डोकेबाज माणूस गेला.

शिवाय न्यू इंग्लंडचा, म्हणजे मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट वगैरे ईशान्येकडच्या राज्यांचा, एक सल होता, आणि तो खरा होता. दक्षिणेच्या राज्यांना प्रतिनिधी देताना दर पाच गुलामांमागे तीन माणसं धरली जात. गुलामाला मत नाही, पण त्याच्या डोक्यावर त्याच्या मालकाचं राजकीय वजन वाढणार. १८०० साली जेफरसन जिंकले ते या वाढीव वजनावर. १८०३ साली दीड कोटी डॉलरला लुइझियानाचा अफाट मुलूख विकत घेतला गेला, म्हणजे नवी राज्यं येणार आणि न्यू इंग्लंड आणखी लहान दिसणार. १८०७ साली जेफरसननी परदेशी व्यापारच बंद केला आणि बोस्टनची जहाजं धक्क्याला कुजली. १८१२ साली इंग्लंडशी युद्ध. डिसेंबर १८१४ मध्ये न्यू इंग्लंडचे २६ प्रतिनिधी हार्टफर्डला बंद दाराआड जमले. काही जण फुटून निघायची भाषा करत होते, पण अधिवेशनाने मवाळ ठराव केले: घटना दुरुस्त करा, पाचास तीन हा नियम काढा, युद्ध पुकारायला दोन तृतीयांश मतं लागू देत.

हे ठराव घेऊन मॅसॅच्युसेट्सचे दूत फेब्रुवारी १८१५ मध्ये वॉशिंग्टनला पोचले त्याच सुमारास दोन बातम्या येऊन धडकल्या. अँड्र्यू जॅक्सननी न्यू ऑर्लिन्सला इंग्रजांना धूळ चारली होती, आणि तह तर त्याआधीच, २४ डिसेंबरला, झाला होता. शहरात दिवाळी चाललेली आणि हे लोक तक्रारीचा कागद हातात घेऊन उभे. देश संकटात असताना फुटायला निघालेले, हा शिक्का बसला तो बसलाच. १८१६ साली त्यांच्या उमेदवाराला निर्वाचकांची ३४ मतं मिळाली, जेम्स मन्रोंना १८३. त्यानंतर त्यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी माणूसच उभा केला नाही.

पण ते संपले याचं आणखी एक कारण आहे. त्यांचं सामान रिपब्लिकनांनी उचललं. बँकेची सनद १८११ला संपू दिलेल्या रिपब्लिकनांनीच १८१६ साली दुसरी राष्ट्रीय बँक काढली, आणि त्यावर सही कुणाची? मॅडिसनची. ॲडम्सनी जाता जाता १८०१ साली सरन्यायाधीश नेमलेले जॉन मार्शल १८३५पर्यंत त्या खुर्चीत होते. पक्ष गेला, पण मजबूत केंद्राचा त्याचा विचार निकालपत्रांतून राहिला.

एकच पक्ष, म्हणजे हाणामारी आत

१८१७ साली बोस्टनच्या एका वर्तमानपत्राने 'सद्भावनेचं युग' असा शब्द वापरला आणि तो त्या काळाला चिकटला. १८२० साली मन्रोंना २३२ पैकी २३१ मतं मिळाली. उरलेलं एक न्यू हॅम्पशायरच्या एका निर्वाचकाने जॉन क्विन्सी ॲडम्स यांना दिलं. हे जुन्या ॲडम्सचे चिरंजीव, आणि या गोष्टीत ते पुन्हा पुन्हा भेटतील.

सद्भावना वरवरचीच होती. १८२४ साली चार उमेदवार उभे राहिले आणि चारही स्वतःला रिपब्लिकन म्हणवणारे. काँग्रेस सदस्यांच्या जुन्या बैठकीने अधिकृत उमेदवार ठरवला, तर त्या बैठकीला फक्त ६६ जण हजर. जॅक्सन ९९, ॲडम्स ८४, क्रॉफर्ड ४१, क्ले ३७. बहुमत कुणालाच नाही. पुन्हा प्रतिनिधिगृह. हेन्री क्ले यांनी आपलं वजन ॲडम्सच्या पारड्यात टाकलं, ॲडम्स राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी क्लेंना परराष्ट्रमंत्री केलं. जॅक्सनचे लोक पुढची चार वर्षं एकच शब्द ओरडत राहिले: साटंलोटं.

दरम्यान त्याहून मोठी गोष्ट घडून गेली होती. मिसुरी राज्य गुलामगिरीसह संघात घ्यायचं की नाही, यावर १८१९-२० मध्ये काँग्रेस उत्तर विरुद्ध दक्षिण अशी उभी फाटली. म्हाताऱ्या जेफरसननी लिहिलं की रात्री आगीची घंटा वाजावी तसा मी दचकून जागा झालो. न्यूयॉर्कचे मार्टिन व्हॅन ब्युरेन यांनी त्यातून धडा घेतला. जानेवारी १८२७ मध्ये व्हर्जिनियातल्या एका वजनदार संपादकाला त्यांनी पत्र पाठवलं. सार असं: दक्षिणेतले मळेवाले आणि उत्तरेतले साधे रिपब्लिकन यांची जुनी युती परत बांधू. पक्षाची निष्ठा नसली की माणसं प्रांताच्या निष्ठेवर जातात, आणि मग गुलामगिरीचा वाद पेटतो.

पक्ष म्हणजे रोग, असं मानणाऱ्यांच्या देशात पक्ष हे औषध आहे असं कुणीतरी उघड म्हणत होतं. पण या औषधाचा घटक काय होता ते नीट पाहा. उत्तर आणि दक्षिण यांची मोट बांधायची, तर गुलामगिरीबद्दल अळीमिळी गुपचिळी. बँकेवर भांडा, जकातीवर भांडा, कालव्यांवर भांडा, पण त्या एका गोष्टीवर नको. अमेरिकेतल्या पुढच्या दोन्ही मोठ्या पक्षांना या मौनाने पंचवीसेक वर्षं जिवंत ठेवलं, आणि त्या काळात माणसांच्या खरेदी-विक्रीचा बाजार बिनबोभाट चालू राहिला.

चिठ्ठी कोण छापणार?

व्हॅन ब्युरेनने बांधलेल्या मोटेतून जॅक्सनचा डेमोक्रॅटिक पक्ष उभा राहिला आणि १८२८ साली जॅक्सन १७८ विरुद्ध ८३ असे जिंकले. १८०० साली सोळापैकी पाचच राज्यांत निर्वाचक लोकांच्या मतांनी ठरत. १८२८ला चोविसापैकी बाविसांत. बहुतेक ठिकाणी गोऱ्या पुरुषांना मालमत्तेची अट उरली नव्हती. १८२४ला पात्र मतदारांपैकी सुमारे २७ टक्क्यांनी मत दिलं होतं, आता सुमारे ५७ टक्क्यांनी. सगळ्यांसाठी दार उघडलं असं मात्र नाही. न्यूयॉर्कने १८२१ साली गोऱ्यांची अट काढताना काळ्या पुरुषांना २५० डॉलरच्या मालमत्तेची अट ठेवली. बायकांना मत नव्हतंच.

एवढ्या लोकांना मतदानाला आणायचं तर यंत्रणा लागते, आणि ती पक्ष झाला. सरकारने छापलेली मतपत्रिका तेव्हा नव्हती. पक्षच चिठ्ठ्या छापायचा, त्यावर फक्त आपल्या उमेदवारांची नावं, आणि मतदानाच्या ठिकाणी कार्यकर्ते त्या वाटायचे. मतदाराने ती घ्यायची आणि सगळ्यांदेखत पेटीत टाकायची. म्हणजे ज्या गावात पक्षाचा माणूस नाही त्या गावात त्या पक्षाला मत देणंच कठीण. पोस्टमास्तरची नोकरी, छपाईची कंत्राटं, गावातलं वर्तमानपत्र, सगळं या साखळीत गुंफलेलं.

उमेदवार ठरवायला देशभरातून प्रतिनिधी बोलावून अधिवेशन भरवायची पद्धत मात्र मोठ्या पक्षाने काढलेली नाही. १८२६ साली न्यूयॉर्क राज्यात विल्यम मॉर्गन नावाचा माणूस फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघाची गुपितं छापणार म्हणून पळवला गेला आणि पुन्हा दिसला नाही. त्या संतापातून अँटी-मेसॉनिक पक्ष निघाला. सप्टेंबर १८३१ मध्ये त्यांनी बाल्टिमोरला पहिलं राष्ट्रीय अधिवेशन घेतलं. पुढच्या वर्षी त्यांना एकटं व्हरमाँट मिळालं आणि काही वर्षांत पक्ष विरघळला. आजही अमेरिकेत दर चार वर्षांनी जी अधिवेशनं भरतात त्यांची सुरुवात या विसरलेल्या पक्षाने केली.

जॅक्सननी १८३२ साली बँकेच्या सनदेवर नकाराधिकार वापरला आणि त्यांचे सगळे विरोधक एकत्र आले. राजाच्या मनमानीविरुद्ध उभ्या राहिलेल्या इंग्लंडमधल्या जुन्या पक्षाचं नाव त्यांनी घेतलं: व्हिग. 'राजा अँड्र्यू'च्या विरोधात आम्ही. क्लेंचे लोक, कारखानदार, अँटी-मेसॉनिक, जॅक्सनवर चिडलेले दक्षिणेतले मळेवाले, सगळे एका छपराखाली. बँक, संरक्षक जकात, सरकारी पैशाने रस्ते-कालवे हा क्लेंचा कार्यक्रम होता, पण पक्षाला खरा चिकटा होता तो जॅक्सनद्वेषाचा.

१८४० साली फेडरलिस्टांना जे जमलं नव्हतं ते व्हिगांनी करून दाखवलं. विल्यम हेन्री हॅरिसन हे व्हर्जिनियातल्या बड्या मळेवाल्याचे चिरंजीव, पण प्रचारात त्यांना लाकडी खोपटात राहून सफरचंदाची दारू पिणारा साधा माणूस केलं. मिरवणुकीत चाकांवर खोपटी, माणसापेक्षा उंच चेंडू गावोगाव ढकलत न्यायचे, गाणी, मशाली. सभांना बायकाही मोठ्या संख्येने आल्या. सुमारे ८० टक्के मतदान झालं आणि हॅरिसन २३४ विरुद्ध ६० असे जिंकले. ४ मार्च १८४१ला त्यांनी जवळजवळ दोन तास भाषण केलं. ४ एप्रिलला ते वारले. गादीवर आले उपराष्ट्राध्यक्ष जॉन टायलर, मूळचे डेमोक्रॅट, केवळ दक्षिणेची मतं यावीत म्हणून घेतलेले. त्यांनी व्हिगांची बँकेची विधेयकं दोनदा परत पाठवली. सप्टेंबरात पक्षाने आपल्याच राष्ट्राध्यक्षाला काढून टाकलं. हातातोंडाशी आलेला घास गेला.

मौन फुटलं

माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स १८३१ पासून साधे सदस्य म्हणून प्रतिनिधिगृहात बसत. १८३६ साली सभागृहाने नियम केला की गुलामगिरीविरुद्धचा कोणताही अर्ज न वाचता, न चर्चता बाजूला ठेवायचा. मौन आता कायद्यात उतरलं. ॲडम्स आठ वर्षं त्याविरुद्ध लढले. अर्ज घेऊन उभे राहायचे, गदारोळ व्हायचा, ते पुढचा अर्ज काढायचे. डिसेंबर १८४४ मध्ये नियम रद्द झाला तेव्हा ते ७७ वर्षांचे होते. हे अर्ज हजारो साध्या माणसांनी, त्यात कितीतरी बायकांनी, सह्या करून धाडले होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, त्या लोकांच्या चळवळीची वाट या अर्जांवरून गेलेली आहे.

१८४४ साली गुलामगिरीविरोधी छोट्या लिबर्टी पक्षाने न्यूयॉर्कमध्ये सुमारे १५,८०० मतं घेतली, क्ले ते राज्य पाचेक हजारांनी हरले आणि त्यासोबत राष्ट्राध्यक्षपदही. मग मेक्सिकोशी युद्ध, नवा मुलूख, आणि तिथे गुलाम न्यायचे की नाही हा टाळता न येणारा प्रश्न. मॅसॅच्युसेट्सच्या व्हिगांत दोन नावं पडली: दक्षिणेच्या कापसावर गिरण्या चालवणारे 'कापूसवाले' आणि त्यांना नाकारणारे 'सदसद्विवेकवाले'. १८५२ साली व्हिगांना चारच राज्यं मिळाली. त्याच वर्षी पक्षाचे दोन मोठे पुढारी, क्ले आणि डॅनियल वेबस्टर, वारले.

शेवटचा घाव १८५४चा. डेमोक्रॅट स्टीफन डग्लस यांनी कॅन्सस-नेब्रास्का कायदा आणला. मिसुरीच्या वादावर १८२० साली झालेल्या तडजोडीने जिथे गुलामगिरी बंद होती तिथे आता वसाहतकरीच ठरवतील. उत्तरेतल्या एकाही व्हिग प्रतिनिधीने त्याला मत दिलं नाही, दक्षिणेतल्या बऱ्याच व्हिगांनी दिलं. एका पक्षाचे लोक जेव्हा या प्रश्नावर प्रांत पाहून मत देतात, तेव्हा पक्ष नावापुरता उरतो. डेमोक्रॅटही फाटले होते, पण त्यांच्या हातात सरकार होतं, नोकऱ्या होत्या. व्हिगांकडे काहीच नव्हतं.

पांगलेली माणसं लगेच एका जागी गेली नाहीत. बरेच जण नो-नथिंग या परदेशी स्थलांतरितांच्या आणि कॅथलिकांच्या विरोधातल्या पक्षात गेले. मूळची गुप्त संघटना, कुणी विचारलं तर 'मला काही माहीत नाही' म्हणायचं, म्हणून हे नाव. १८५४ साली त्यांनी मॅसॅच्युसेट्सचं जवळजवळ सगळं विधिमंडळ जिंकलं. दोनच वर्षांत तेही गुलामगिरीवर फुटले. दुसरीकडे २० मार्च १८५४ला विस्कॉन्सिनमधल्या रिपन गावच्या शाळेत आणि ६ जुलैला मिशिगनमधल्या जॅक्सन गावी झाडांच्या सावलीत सभा झाल्या, आणि नव्या पक्षाला जुनं नाव मिळालं: रिपब्लिकन.

इलिनॉयचा एक वकील, जन्मभर क्लेंचा भक्त, १८४७ ते १८४९ व्हिग म्हणून काँग्रेसमध्ये बसलेला. ऑगस्ट १८५५ मध्ये त्याने मित्राला लिहिलं की मला वाटतं मी व्हिग आहे, पण लोक म्हणतात व्हिग उरलेच नाहीत. पक्ष गेल्यावर साध्या कार्यकर्त्याचं जे होतं तेच अब्राहम लिंकनचं झालं होतं. मे १८५६ मध्ये ब्लूमिंग्टनच्या सभेत ते नव्या पक्षात आले.

आता उत्तर आणि दक्षिण यांना बांधणारा एकच पक्ष उरला. एप्रिल १८६० मध्ये डेमोक्रॅट चार्ल्स्टनला जमले. नव्या मुलखात गुलामगिरीला सरकारने संरक्षण द्यावं, हे कलम उत्तरेने मान्य केलं नाही, तेव्हा अगदी दक्षिणेकडची शिष्टमंडळं उठून गेली. ५७ फेऱ्या होऊनही डग्लसना दोन तृतीयांश मतं मिळेनात. जूनमध्ये दोन तुकड्यांनी दोन उमेदवार दिले. म्हाताऱ्या व्हिगांनी आणखी एक पक्ष काढला. त्याच्या जाहीरनाम्यात घटना, संघ आणि कायद्याची अंमलबजावणी एवढंच होतं, गुलामगिरीबद्दल एक शब्द नाही. त्यांना तीन राज्यं मिळाली.

लिंकन ४० टक्क्यांहून थोड्या कमी मतांवर जिंकले, निर्वाचकांची १८० मतं घेऊन. दक्षिणेतल्या दहा राज्यांत त्यांच्या नावाची एकही चिठ्ठी वाटली गेली नाही. ती छापणारा माणूसच तिथे कुणी नव्हता.